नववीच्या उंबरठ्यावर : पाटणच्या वाड्यांतली मुले आणि हायस्कुलातले आधार



“सरकार एवढ्या योजना देते, शाळेत जेवण मिळते, पुस्तके मिळतात, शिष्यवृत्त्या आहेत, मग आम्ही पाठवतो ते दान नेमके कोठे लागते?” मंडळ्यांना भेटी देताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेक जण पगारातून, पेन्शनमधून, कधी घरखर्चाला कात्री लावून देत असतात. त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे. म्हणून या अंकात पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना हायस्कुलात कोणकोणते आधार मिळू शकतात, ते कसे मिळतात आणि कोठे अडतात, हे मी मांडतो आहे. माझे बरेचसे काम याच मुलांबरोबर चालते, त्यामुळे पाहिलेलेच लिहितो.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. आठवीपर्यंतचे आधार मुलाकडे आपण होऊन चालत येतात. नववीपासूनचे आधार मुलाला चालत जाऊन आणावे लागतात, तेही ठरलेल्या तारखेला, ठरलेले कागद घेऊन. ज्या घरात कागद वाचणारे कोणी नाही, त्या घरातले मूल नेमके येथेच गळते.

पाटणचा रस्ता

ज्यांनी हा भाग पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, पाटणला तिला केरा नदी मिळते आणि पुढे कराडला ती कृष्णेत मिसळते. नदीच्या काठाने कराड-चिपळूण रस्ता जातो. हायस्कुले याच रस्त्यालगत आणि मोठ्या खोऱ्यांच्या तोंडाशी आहेत : पाटण, मल्हारपेठ, तारळे, मोरगिरी, ढेबेवाडी, कोयनानगर. पण मुले राहतात ती वर. डोंगराच्या सड्यावर आणि पदरात धनगरवाडे आहेत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात कातकरी कुटुंबेही विखुरलेली आहेत. कोणी मासेमारीवर, कोणी मजुरीवर, कोणी हंगामात वीटभट्टीवर वा कोळसा पाडायला जाऊन जगतात. बराचसा डोंगरभाग कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. पाऊस तर विचारू नका. जून ते सप्टेंबर ओढे भरलेले असतात आणि पायवाट कधी खचेल याचा नेम नसतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या वेळी आपण प्रार्थनाही केल्या होत्या.

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. नववीच्या वर्गाला असे कायद्याचे अंतर नाही. त्यामुळे वाडीतली शाळा संपली की मुलासमोर उतरण, ओढा आणि मग एसटीचा थांबा येतो.

आठवीनंतर काय बदलते

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे व्यवहारात पहिली ते आठवी. या वर्गांत शाळेत दुपारचे गरम जेवण मिळते आणि पाठ्यपुस्तके फुकट मिळतात. यातल्या कशासाठीही आईबापाला अर्ज करावा लागत नाही. मूल पटावर असले आणि वर्गात आले, की ताट समोर येते.

नववीत हे ताट बंद होते. एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात आठवीची मुले जेवायला बसतात आणि नववीची मुले बाजूने जातात. पुस्तके विकत घ्यावी लागतात. वह्या, गाइड, गणवेश, प्रयोगवही, परीक्षा फी असा खर्च सुरू होतो. फी ही अडचण फारशी नसते, कारण अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे आणि मागासवर्गीय मुलांना फीची सवलत आहे. अडचण भुकेची आणि वाटेची असते.

एका धनगरवाड्यावरची मुलगी नववीत गेल्यावर आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. वर्गशिक्षकांना वाटले, अभ्यास झेपत नाही. घरी गेल्यावर कळले, की ती पहाटे पाचला उठून गुरांचे आवरून, काही न खाता डोंगर उतरते आणि संध्याकाळी सहाला परत पोहोचते. आठवीपर्यंत दुपारच्या खिचडीवर दिवस निघत होता. आता घरात सकाळी भाकरी झालेली असली तरच ती शाळेत जायची. “भाकरी नसली की चक्कर येती, मग पोरी हसत्यात,” एवढेच ती म्हणाली. तिच्यासाठी आणि तिच्याबरोबरच्या पाच जणींसाठी शाळेजवळ राहणाऱ्या एका मावशींकडे दुपारच्या जेवणाची सोय केली. हजेरी पुन्हा सुरळीत झाली. यासाठी कोणतीही सरकारी योजना नव्हती. आपल्या दानाने ती भाकरी आली.

कोणते मूल कोणत्या खात्याचे?

नववीनंतरच्या बहुतेक सवलती मुलाच्या प्रवर्गावर ठरतात. आपण बोलताना “आदिवासी मुले” असे सरसकट म्हणतो, पण सरकारी कागदावर तसे चालत नाही.

कातकरी ही अनुसूचित जमात आहे. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून मान्य केले आहे, त्यांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम-जनमन योजना अशाच जमातींसाठी आहे. कातकरी मुलाच्या सवलती आदिवासी विकास विभागाकडून येतात. साताऱ्यात अनुसूचित जमातींची संख्या फार थोडी आहे, त्यामुळे नंदुरबार किंवा पालघरसारखी आश्रमशाळांची आणि कार्यालयांची दाट साखळी येथे नाही. कामासाठी पुणे जिल्ह्यातल्या प्रकल्प कार्यालयाकडे पाहावे लागते.

धनगर समाजाची नोंद भटक्या जमाती (क) मध्ये होते. डोंगरावरचे जिणे कातकऱ्यांइतकेच खडतर असले तरी या मुलाचा अर्ज वेगळ्या खात्याकडे जातो आणि शिष्यवृत्तीही वेगळी असते. हा फरक माहीत नसल्याने चुकीच्या योजनेचा अर्ज भरला जातो, तो परत येतो आणि तोवर तारीख निघून गेलेली असते.

प्रवर्ग सिद्ध करायचा तर जातीचा दाखला लागतो. तो प्रांत कार्यालयातून मिळतो. त्यासाठी वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचा तरी जुना पुरावा मागतात : अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. जुना शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद किंवा जमिनीचा उतारा असे काही हवे.

आता विचार करा. ज्या कुटुंबाला कधी जमीनच नव्हती, त्याने सात-बारा कोठून आणावा? आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर त्यांचा दाखला कोठून मिळावा? त्यात या खोऱ्याचा इतिहासही पाहा. कोयना धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, माणसे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि घरांबरोबर पेट्यांतले कागदही मातीत गेले.

एका कातकरी मुलाच्या दाखल्यासाठी आम्ही सात महिने फिरलो. शेवटी त्याच्या आजोबांच्या भावाचे नाव दुसऱ्या तालुक्यातल्या एका जुन्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात सापडले. ते आजोबा त्या शाळेत जेमतेम वर्षभर बसले होते. पण त्या वर्षी गुरुजींनी जातीच्या रकान्यात जे एक शब्द लिहिले, त्यावर सत्तर वर्षांनी नातवाचा दाखला निघाला. म्हणून मी पालकांना नेहमी सांगतो, मुलाचे नाव पटावर घालताना जातीचा रकाना, आडनाव आणि जन्मतारीख नीट लिहून घ्या. ती ओळ पुढच्या पिढीचा पुरावा होणार आहे. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही, त्यांच्यासाठी गृहचौकशीची तरतूद आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

हायस्कुलात काय काय मिळू शकते

आता प्रत्यक्ष आधार एकेक करून सांगतो.

एसटीचा पास. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत घर ते शाळा एसटीचा प्रवास मोफत आहे. मुलांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. शाळेचे पत्र घेऊन पास काढायचा. हल्ली पास शाळेतच देण्याची सोयही होते. पाटणच्या मुलींसाठी ही सर्वांत मोलाची सवलत आहे असे मला वाटते. मात्र एसटी थांब्यापर्यंत येते, वाडीपर्यंत नाही. शेवटची गाडी चुकली तर मुलगी थांब्यावर अडकते, आणि असे दोनदा झाले की बाप म्हणतो, “बास झाली शाळा.”

शिष्यवृत्ती. अनुसूचित जमातीच्या पहिली ते आठवीच्या मुलांना राज्याची सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्ती असते : चौथीपर्यंत वर्षाला १,००० रुपये, सातवीपर्यंत १,५०० आणि आठवीला २,०००. नववी-दहावीला केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती लागू होते. घरून येणाऱ्या मुलाला दरमहा २२५ रुपये दहा महिने आणि पुस्तकांसाठी ७५० रुपये, म्हणजे वर्षाला ३,००० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्याला दरमहा ५२५ आणि पुस्तकांसाठी १,०००, म्हणजे वर्षाला ६,२५० रुपये. यासाठी कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. भटक्या जमातींच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम लहान असली तरी मुलीच्या नावावर खाते उघडले जाते, ही गोष्ट लहान नाही.

एनएमएमएस परीक्षा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची ही परीक्षा आठवीत असताना, साधारण डिसेंबरात होते. एक पेपर बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० गुणांचे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे आणि सातवीत ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के चालतात. पुढे दहावीतही ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) राखावे लागतात आणि दरवर्षी अर्ज नव्याने भरावा लागतो. जात कोणतीही असो, गरीब घरातल्या मुलाला ही परीक्षा देता येते. नववीत जेवण बंद होते त्याच वर्षी हे पैसे सुरू होतात, म्हणून ही परीक्षा मला सेतूसारखी वाटते. पण ती पार करायला आठवीच्या जूनपासून सराव हवा. बौद्धिक चाचणीतल्या आकृत्या, संख्यामालिका, सांकेतिक भाषा हे डोंगरातल्या मुलाने कधी पाहिलेलेच नसते. तीन महिने रोज तासभर बसवले, तर हीच मुले ते झपाट्याने शिकतात. जंगलात पायवाट ओळखणाऱ्या डोळ्यांना आकृतीतला फरक चटकन दिसतो.

कला आणि खेळ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतून देता येतात आणि दहावीत त्याचे वाढीव गुण मिळतात. खेळ आणि लोककलेतल्या नैपुण्यासाठीही अशी तरतूद आहे. धावणे, कबड्डी, चित्र, ढोल यांत ही मुले कोणाला हार जाणार नाहीत. मात्र शाळेने वेळेवर नाव पाठवायला हवे आणि रंगपेटी किंवा प्रवासाचे भाडे कोणीतरी द्यायला हवे.

विशेष गरजा असलेली मुले. ऐकू कमी येणारे, दृष्टी अधू असलेले, अक्षरे ओळखायला अडखळणारे मूल वर्गात “ढ” ठरून मागे बसते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो, गरज असल्यास लेखनिक मिळतो. तालुक्याला समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत बोलावून मूल दाखवावे. प्रस्ताव परीक्षेच्या तोंडावर पाठवून उपयोग नाही, नववीतच सुरुवात करावी.

आरोग्य. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते आणि सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते. तपासणीच्या दिवशी वाडीवरचे मूल हजर असेल एवढे पाहिले, तरी कितीतरी गोष्टी वेळेत कळतात. फळा न दिसणाऱ्या एका मुलाला चष्मा मिळाल्यावर तो पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेला आणि गणितात पास झाला.

पैसा मंजूर, पण खात्यात नाही

पालकांची सर्वांत मोठी तक्रार हीच असते. अर्ज भरला, यादीत नाव आले, पैसे मात्र आले नाहीत. कारणे बहुधा ठरावीक असतात. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. आधारवर नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरे असते. आधारवर जन्मतारीख म्हणून नुसती १ जानेवारी असते. खाते उघडून बराच काळ व्यवहार नसल्याने ते बंद पडलेले असते. मोबाइल नंबर मामाचा दिलेला असतो आणि मामा मुंबईला असतो. त्यामुळे ओटीपी येतो तो तिकडे. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला असतो.

यातले प्रत्येक काम अर्ध्या दिवसाचे आहे. पण मजुरीवर जाणाऱ्या माणसाला अर्धा दिवस म्हणजे त्या दिवसाची चूल. तो एकदा पाटणला येतो, “उद्या या” ऐकतो आणि पुन्हा येत नाही. खिडकीमागच्या कर्मचाऱ्यांनाही दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे रांग असते आणि कागद अपुरा असेल तर ते काय करणार? म्हणून आम्ही प्रत्येक मुलाची एक प्लास्टिकची फाइल केली आहे. तिच्यात दाखल्यांच्या प्रती, पासबुकाचे पहिले पान, आधार, रहिवासाचा पुरावा आणि एक तारखांचा कागद असतो. मूळ कागद घरी, पत्र्याच्या पेटीत, पावसापासून उंचावर. दरडीच्या भागात ही काळजी घ्यावीच लागते.

नावातली चूक दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घेणे सोपे असते. गुणपत्रिका छापून आली आणि मूल शाळा सोडून गेले, की तीच दुरुस्ती फार जड जाते.

दहावीला अडखळले तर

वाडीवर “नापास” हा शब्द शेवटचा मानतात. तो शेवटचा नाही, हे सांगणे आमच्या कामाचा मोठा भाग आहे. निकालानंतर जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीत अकरावीला प्रवेश मिळतो. शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. त्यासाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून वीटभट्टीवर गेलेली एक मुलगी सध्या १७ नंबरच्या फॉर्मची तयारी करते आहे. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. ती अजून सतरा वर्षांची आहे. आम्ही आईवडिलांशी बोललो, ग्रामपंचायतीतल्या वडीलधाऱ्यांशी बोललो, अठरा वर्षांखालचे लग्न गुन्हा आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे हेही समजावले. आईने “परीक्षेपर्यंत थांबतो” असा शब्द दिला आहे. ती परीक्षेला बसेल की नाही, ते मी आज खात्रीने सांगू शकत नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा.

निवासाची सोय : या मातीतला जुना धडा

डोंगरावरच्या मुलाचे हायस्कूल शेवटी राहण्याच्या सोयीवर येऊन ठरते. हे या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१० च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दूधगावला सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रम काढला. तेथे घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढत. मुष्टिफंड म्हणून ते ओळखले जाई. १९१९ मध्ये आपल्या पाटणच्या शेजारी, कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कष्ट करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेही मोफत आणि निवासी.

पाटणचे सुपुत्र बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. त्या सवलतीने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झाला.

आपल्या मंडळ्यांतही हा इतिहास नवा नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले. तेथे पुस्तकांबरोबर भाकरी होती, संध्याकाळी कंदील होता आणि “आज शाळेत का गेला नाहीस?” असे विचारणारे कोणीतरी होते. आज समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास या खात्यांची वसतिगृहे आहेत. जागा मर्यादित असतात आणि अर्ज ऑनलाइन, मुदतीत भरावा लागतो. दहावीनंतर शिकायचे तर कराड किंवा सातारा गाठावेच लागते. म्हणून निकालाच्या दिवसापासूनचे दोन आठवडे आमचे सर्वांत धावपळीचे असतात.

आपले दान कोठे लागते

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. सरकार शिष्यवृत्ती देते. ती मिळण्याआधीचा खर्च आपण करतो. प्रांत कार्यालयापर्यंतचे भाडे, प्रती, ज्या दिवशी बाप कागदासाठी येतो त्या दिवसाची त्याची बुडालेली मजुरी, नववीची पुस्तके, दुपारचे जेवण, थांब्यापासून वाडीपर्यंत सोबत करणाऱ्या माणसाचे मानधन. मूल कोणत्या घरचे, कोणत्या देवाला मानणारे, हे आम्ही विचारत नाही. त्याला नववीत टिकवायचे, एवढेच पाहतो.

पैशाखेरीजही करता येण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कचेरीत काम केलेले आहेत, संगणकावर सराईत असलेले तरुण आहेत. त्यांच्यासाठी वर्षाचा साधा आराखडा देतो :

जूनमध्ये एसटीचे पास, उत्पन्नाचे दाखले आणि वापरून झालेल्या नववी-दहावीच्या पुस्तकांचे वाटप.

जुलै ते ऑक्टोबर शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज आणि आठवीच्या मुलांचा एनएमएमएसचा सराव.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहावीचे फॉर्म आणि त्याआधी नाव व जन्मतारखेची पडताळणी.

जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या मुलांसाठी गणित व इंग्रजीच्या जादा शिकवण्या.

मे-जूनमध्ये निकाल, पुरवणीचे फॉर्म आणि वसतिगृहांचे अर्ज.

यातला एक महिना जरी एखाद्या मंडळीने किंवा तरुण संघाने उचलला, तरी आम्हाला मोठा हातभार लागेल. पाटणला येणे शक्य नसेल तर आपल्या गावच्या हायस्कुलात जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, की नववीत किती मुले दुपारी न जेवता बसतात. प्रत्येक तालुक्यात अशी मुले सापडतील.

यंदा आमच्याबरोबर आठवीतून नववीत जाणारी अकरा मुले आहेत : सहा धनगरवाड्यांवरची, पाच कातकरी. त्यांपैकी तिघांचे जातीचे दाखले अजून व्हायचे आहेत. जूनच्या आत ते व्हावेत, पावसाआधी वाटेवरचा साकव दुरुस्त व्हावा आणि जेवणाची सोय वर्षभर टिकावी, या तीन गोष्टींसाठी आपल्या उपासनेत त्यांची आठवण ठेवा. पुढच्या अंकात त्यांची हकिकत जरूर कळवीन.

आपला सहकारी